बुलढाण्याची काळी जमीन, खते आणि अन्नातील सत्त्व

सोयाबीनचे पीक वीस-पंचवीस दिवसांचे झाले की बुलढाणा जिल्ह्यात दरवर्षी हटकून दिसणारे एक दृश्य आहे. पाऊस लागून राहतो, आठवडा-आठवडा वाफसा मिळत नाही, डवरणी खोळंबते आणि हिरव्या शेतात पिवळे पट्टे उमटू लागतात. सखल भागात ते अधिक, धुऱ्याकडच्या उतारावर कमी. शेतकरी काळजीत पडतो व शेजारच्या गावच्या कृषी सेवा केंद्रातून युरियाची पिशवी आणून ती शेतात फोकून देतो. पुढे चार दिवस ऊन पडते, जमीन वाफशावर येते आणि पीक पुन्हा हिरवे होते. ते युरियामुळे हिरवे झाले, असा समज त्या शेतात पक्का होतो आणि पुढल्या वर्षी पिशव्यांची संख्या एकाने वाढते.

वास्तविक त्या पिवळेपणाचे कारण पानावरच लिहिलेले असते. नत्राची कमतरता असेल तर झाडाची खालची, म्हणजे जुनी पाने प्रथम पिवळी पडतात. कारण नत्र झाडात फिरता असतो आणि टंचाईच्या वेळी झाड जुन्या पानातला नत्र काढून कोवळ्या शेंड्याला पुरविते. लोहाचे तसे नाही. एकदा पानात बसलेले लोह तेथून सहसा हलत नाही. त्यामुळे लोह कमी पडले की जुनी पाने हिरवीच राहतात आणि शेंड्याची नवी पाने पिवळी होतात, त्यांच्या शिरा मात्र हिरव्या दिसतात. जुलैतील सोयाबीनचा पिवळेपणा बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारचा असतो. त्यावर उपाय युरियाचा नाही. साचलेले पाणी बाहेर काढणे, वाफसा येताच डवरणी करून मुळांना हवा देणे आणि गरज भासल्यास हिराकशीच्या, म्हणजे फेरस सल्फेटच्या, अर्धा टक्का द्रावणाची फवारणी करणे, हा तो उपाय होय. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस आणि पाने करपू नयेत म्हणून २५ ग्रॅम चुन्याची निवळी, असे हे प्रमाण आहे. खर्च युरियाच्या पिशवीहून फारसा नाही. पण त्यासाठी पान हातात घेऊन पाहावे लागते.

येथे एक विसंगती वाचकांच्या लक्षात येईल. बुलढाण्याची जमीन ज्या काळ्या कातळापासून, म्हणजे बेसाल्टपासून झाली, त्या कातळात लोह भरपूर असते. मग त्याच जमिनीतील पिकाला लोहाची उपासमार का घडावी? या प्रश्नाचे उत्तर समजले म्हणजे खतांच्या विषयातील निम्मा भाग समजला असे म्हणता येईल. जमिनीत एखादे द्रव्य असणे आणि ते मुळाला मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

घाटावर आणि घाटाखाली

अजिंठ्याची डोंगररांग जिल्ह्याला आडवी छेदून जाते. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हा घाटावरचा भाग. येथील पैनगंगा पूर्वेकडे वाहत जाऊन अखेर गोदावरीच्या खोऱ्याला मिळते. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद व संग्रामपूर हा घाटाखालचा भाग. तेथील नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा, मन या नद्या पूर्णेला जाऊन मिळतात आणि पूर्णा तापीला. घाटावर उतारांवर हलकी, मुरमाड जमीन आणि नद्यांकाठी मध्यम ते भारी काळी. घाटाखाली पूर्णेच्या सपाटीवर खोल, चिकण काळी. एकाच जिल्ह्यात एका गावी वीतभर मातीखाली मुरूम लागतो, तर दुसऱ्या गावी पुरुषभर खणले तरी मातीच लागते. खताची एकच शिफारस दोन्ही गावांना लागू पडणार नाही, हे सांगण्यास वास्तविक तज्ज्ञ लागू नये.

या काळ्या मातीत फुगणारी चिकणमाती असते. पाणी मिळाले की ती फुगते, आटले की तडे जातात. ओल धरून ठेवण्याची तिची ताकद मोठी आणि म्हणूनच कोरडवाहू कपाशी, तूर, हरभरा येथे तग धरतात. परंतु या मातीचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठच्या दरम्यान, क्वचित त्याहूनही अधिक असतो आणि तिच्यात चुनखडीचे खडे असतात. विम्ल जमिनीत लोह, जस्त, मंगल ही द्रव्ये सहजी विरघळत नाहीत. स्फुरद चुनखडीतील कॅल्शियमशी संयोग पावून अडकून पडतो. पाणी साचले असता मातीत बायकार्बोनेट वाढते आणि लोहाची वाट आणखी बिकट होते. जुलैतील पिवळ्या पट्ट्यांचे मूळ येथे आहे.

अशा जमिनीत नत्र व सेंद्रिय कर्ब कमी, स्फुरद कमी ते मध्यम आणि पालाश भरपूर, असे चित्र साधारणपणे आढळते. सेंद्रिय कर्ब कमी असण्याचे एक कारण उष्ण हवामान हे आहे. थंड प्रदेशात शेतातील पालापाचोळा कुजण्यास वर्षे लागतात. येथील एप्रिल-मेच्या उन्हात तो भराभर जळून जातो. दुसरे कारण माणसाचे आहे. पऱ्हाटी आणि तुराटी चुलीत जाते, कुटार गुरांपुढे जाते आणि गुरेच कमी झाल्याने शेणखताच्या रूपाने ते शेतात परतत नाही. ट्रॅक्टरने मशागत लवकर होते खरी, पण त्याच्यामागे उकिरडा तयार होत नाही.

अपुऱ्या फळीचे पिंप

जर्मन शास्त्रज्ञ कार्ल श्प्रेंगेल आणि त्यांच्यामागून १८४० नंतर युस्टुस फॉन लीबिग यांनी जो नियम मांडला, तो आजही पीकपोषणाचा पाया मानला जातो. पिकाची वाढ ही मुबलक असलेल्या द्रव्यावर अवलंबून नसून सर्वांत अपुऱ्या द्रव्यावर अवलंबून असते. लाकडी पिंपाच्या फळ्या कमी-अधिक उंचीच्या असतील, तर पाणी सर्वांत बुटक्या फळीपर्यंतच राहील. इतर फळ्या कितीही वाढविल्या तरी ते बाहेर सांडणारच. शाळेत हा नियम शिकविताना शिक्षकांना पिंपापेक्षा रोजच्या व्यवहारातील उदाहरण जवळचे वाटेल. पोळ्यांना पीठ चार किलो आहे, पण मीठ नाही आणि सरपण दोन पोळ्यांपुरते आहे, तर ताटात पोळ्या दोनच पडतील.

गेल्या अनेक वर्षांत येथील पिंपाची नत्राची फळी तेवढी उंचावत गेली. याला धोरणाचाही हातभार लागला. १ एप्रिल २०१० पासून केंद्र शासनाने अन्नद्रव्याधारित अनुदानाची पद्धत सुरू केली. त्यानुसार स्फुरद व पालाशयुक्त खतांच्या किमती मोकळ्या झाल्या. युरियाची किंमत मात्र पूर्वीप्रमाणे शासनाने ठरविलेली राहिली. परिणामी दुकानातील सर्वांत स्वस्त खत तेच शेतकऱ्याच्या हाती प्रथम जाऊ लागले. २०१५ मध्ये सर्व युरिया निंबोळी तेलाचे लेपन केलेला असावा असे ठरले आणि २०१८ पासून पिशवी ५० किलोऐवजी ४५ किलोची झाली. वापर आवरण्याचे हे उपाय होते. तरीही पिशवी किती किलोची आहे, यापेक्षा ती का टाकावयाची, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे आणि तो विचारला जात नाही.

युरियाबाबत आणखी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. विम्ल जमिनीच्या पृष्ठभागावर फोकलेला युरिया अमोनिया वायूच्या रूपाने हवेत उडून जातो. जमिनीवर पांढरे दाणे दिसत असतील तर तो तोट्याचा व्यवहार समजावा. खत मातीआड करणे हे खताच्या मात्रेइतकेच महत्त्वाचे आहे. तिफणीने पेरून दिलेले खत आणि हाताने उधळलेले खत, एकाच पिशवीतले असले तरी, पिकाच्या दृष्टीने सारखे नसते. उलटपक्षी जे नत्र पाण्याबरोबर खाली झिरपते, ते नायट्रेटच्या रूपाने विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात दर लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट असू नये, अशी भारतीय मानकाची मर्यादा आहे. तान्ह्या मुलांना ते विशेष घातक ठरते. शेतात वाया गेलेले खत घरातल्या माठात येते, असा हा प्रवास आहे.

सोयाबीनचा हिशेब

विदर्भात सोयाबीन १९८० च्या दशकानंतर पसरले आणि पाहता पाहता त्याने ज्वारी, मूग, उडीद व काही ठिकाणी कपाशीचीही जागा घेतली. हे पीक डाळवर्गीय आहे आणि तेलवर्गीयही आहे. त्याच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने व २० टक्के तेल असते. या दोन आकड्यांत त्याच्या खताचे गणित सामावलेले आहे.

हेक्टरी २० क्विंटल सोयाबीन पिकले, तर दाण्यातून सुमारे ८०० किलो प्रथिने शेताबाहेर जातात. प्रथिनांत साधारण १६ टक्के नत्र असतो. म्हणजे केवळ दाण्यातून १२८ किलो नत्र गेला. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शिफारस मात्र हेक्टरी ३० किलो नत्र, ७५ किलो स्फुरद व ३० किलो पालाश अशी आहे. उरलेला सुमारे १०० किलो नत्र कोठून येतो? काही जमिनीतून आणि बराचसा हवेतून. मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र पकडून झाडाला देतात आणि मोबदल्यात झाडाकडून साखर घेतात. रोप महिन्या-सव्वा महिन्याचे झाल्यावर हलकेच उपटून गाठ नखाने फोडावी. आतील रंग गुलाबी-लाल असेल तर कारखाना चालू आहे. पांढरा वा हिरवट असेल तर बंद आहे. ज्या झाडाला फुकटचा युरिया भरपूर मिळतो, ते या जिवाणूंना पोसत नाही. पिवळ्या पानांवर युरिया टाकणाराने एका हाताने पैसे खर्च केलेले असतात आणि दुसऱ्या हाताने हवेतून फुकट मिळणारा नत्र परत पाठविलेला असतो.

आता स्फुरदाकडे वळू. ७५ किलो स्फुरद द्यावयाचा तर डायअमोनियम फॉस्फेट, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले डीएपी, सुमारे १६३ किलो लागते, सव्वातीन पिशव्या. त्यातून सुमारे २९ किलो नत्रही मिळतो. तोच स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटमधून द्यावयाचा तर सुमारे ४६९ किलो, म्हणजे नऊ पिशव्यांहून अधिक खत लागते आणि नत्रासाठी ६५ किलो युरिया वेगळा घ्यावा लागतो. बैलगाडीत काय चढवावे, हे शेतकऱ्याने केव्हाच ठरविले आहे आणि त्याला दोष देता येत नाही. मात्र सुपर फॉस्फेटच्या त्या नऊ पिशव्यांतून सुमारे ५० किलो गंधक शेतात जात असे, त्याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता. डीएपीत गंधक नसते. शेतात वर्षानुवर्षे डीएपी जात राहिले, तेलबियांचे पीक वाढत राहिले आणि गंधकाची शिल्लक गुपचूप संपत आली. दाण्यातील तेल आणि प्रथिनांचा कस या दोन्हींना गंधक लागते; त्याची उणीव असली की पीक शेतात बरे दिसते, पण दाणा भरत नाही. सोयाबीनला हेक्टरी २० किलो गंधक द्यावे, असे आता सांगितले जाते ते यामुळेच. ज्यांना सुपर फॉस्फेटच्या पिशव्या झेपत नाहीत, त्यांना २०:२०:०:१३ या मिश्रखतातून अथवा जिप्समातून गंधक देता येते. शेवटच्या आकड्यातील १३ म्हणजे गंधक, हे पिशवीवर छापलेले असूनही फार थोडे लोक वाचतात.

पालाशाबाबत काळ्या जमिनीला दीर्घकाळ सूट मिळाली. जमिनीत तो भरपूर आहे, तेव्हा देण्याचे कारण नाही, असा सल्ला पूर्वी सर्रास मिळे. पण खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा किंवा गहू असे वर्षात दोनदा पीक निघू लागल्यावर ठेव कितीही मोठी असली तरी ती मोडत जाते. म्हणूनच शिफारशीत ३० किलो पालाश, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅशची नेमकी एक ५० किलोची पिशवी, आलेली आहे. कपाशीची कथा वेगळी. बोंडे भरण्याच्या वेळी पाने लाल पडण्याचा, ज्याला शेतकरी ‘लाल्या’ म्हणतात, तो विकार पुष्कळदा रोग नसून नत्र व मॅग्नेशियमची भूक असते. त्यावर कीटकनाशकांचा मारा करणे म्हणजे भुकेल्याला जुलाबाचे औषध देण्यासारखे आहे.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठात ज्वारी-गहू या पीकपद्धतीवर १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून दीर्घ मुदतीचा खतप्रयोग चालविण्यात आला आहे. एकाच जागी, त्याच वाफ्यांत, वर्षानुवर्षे ठरलेले खत देऊन काय होते ते त्यात पाहिले जाते. शिफारशीची रासायनिक खते आणि त्याबरोबर शेणखत, असे दोन्ही मिळालेल्या वाफ्यांचे उत्पादन आणि सेंद्रिय कर्ब सर्वांत चांगले राहिले. केवळ नत्र मिळालेले वाफे मागे पडत गेले. बुलढाण्याला लागून असलेल्या जिल्ह्यातील, याच जातीच्या काळ्या मातीवरील हा पुरावा आहे. शेणखत की रासायनिक खत, असा वाद गावच्या पारावर रंगतो. एक टन शेणखतात जेमतेम ५ किलो नत्र असतो. हेक्टरी पाच टन टाकले तरी २५ किलो. तेव्हा एकट्या शेणखतावर भरघोस पीक मागणे वास्तवाला धरून नाही. मात्र त्याच शेणखतातून जस्त, लोह थोडेथोडे मिळतात, माती भुसभुशीत राहते आणि जिवाणूंना खाद्य मिळते. या गोष्टी कोणत्याही पिशवीत भरून येत नाहीत.

खारपाण पट्टा

अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णेच्या दोन्ही काठांनी पसरलेला खारपाण पट्टा सुमारे साडेचार लाख हेक्टरांचा समजला जातो. बुलढाण्यातील शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या तालुक्यांची कितीतरी गावे त्यात येतात. येथे विहीर खणली तर पाणी लागते, पण ते पिण्यास खारट आणि जमिनीला घातक. डोळ्यांसमोर पाणी असून पीक कोरडवाहू, ही या पट्ट्याची शोकांतिका आहे.

हे क्षार समुद्राने आणलेले नाहीत. कमी पावसाच्या, कडक उन्हाच्या प्रदेशात मातीतील पाणी वर येऊन उडून जाते. त्यातील कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने मागे बसतो आणि सोडियम मोकळा राहतो. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेले लोणारचे सरोवर हे याच गोष्टीचे निराळे रूप म्हणता येईल. बेसाल्टमध्ये उल्कापाताने झालेल्या त्या खोलगटात पाणी येते, बाहेर मात्र पडत नाही, आणि ते अतिशय विम्ल बनले आहे. पूर्णेच्या सपाटीवर निचरा इतका मंद आहे की तेथील माती खोलगटात नसूनही काही अंशी तसेच वागते. सोडियम चिकणमातीच्या कणांना चिकटला की कण सुटे होतात, भेगा व छिद्रे बुजतात आणि पाणी मुरत नाही. शास्त्रीय पुस्तकांत विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांवर गेला म्हणजे जमीन चोपण समजावी, असे दिलेले असते. पूर्णेच्या खोऱ्यातील चिकण मातीत १५ च्या बऱ्याच खालीच दुष्परिणाम दिसू लागतात, असे नागपूरच्या मृद्‌शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. परदेशी मातीवर बेतलेला आकडा आपल्या मातीला जसाच्या तसा लावण्याचे धोके यावरून समजावेत.

अशा जमिनीत खतापूर्वी सुधारणा आवश्यक ठरते. माती तपासणीनुसार जिप्सम मिसळले असता त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि सुटलेला सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर निघून जातो. मात्र त्यासाठी शेताला चर असले पाहिजेत. चराविना जिप्सम म्हणजे दार बंद ठेवून झाडू मारणे. धैंचा किंवा बोरू यांसारखे हिरवळीचे खत, शेततळ्यात साठविलेले पावसाचे गोडे पाणी, युरियाऐवजी शक्य तेथे अमोनियम सल्फेट आणि डीएपीऐवजी सुपर फॉस्फेट, हे या पट्ट्याला अधिक मानवणारे उपाय होत. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून राबविण्यात आलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात पूर्णा खोऱ्यातील खारपाण गावांचा स्वतंत्रपणे समावेश करण्यात आला, ही गोष्ट उशिरा का होईना, योग्यच झाली.

मातीतून ताटात

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये याच खारपाण पट्ट्यातील शेगाव तालुक्यात एक विलक्षण प्रकार घडला. बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. डोके खाजणे, मग हात फिरविताच केस हातात येणे आणि काही दिवसांत टक्कल, असा क्रम होता. लहान मुले, स्त्रिया, पुरुष, कोणीही त्यातून सुटले नाही. सुरुवातीस संशय पाण्यावर गेला, कारण तेथील पाणी मुळातच खारे. काहींनी बुरशीचा संसर्ग असावा असे म्हटले. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेसह निरनिराळ्या पथकांनी नमुने घेतले आणि बाधितांच्या शरीरात सेलेनियमचे प्रमाण वाढलेले असल्याचे समोर आले. विंचूदंशावरील संशोधनासाठी ओळखले जाणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गावांतील गव्हाचे नमुने तपासून घेतले. स्वस्त धान्य दुकानातून आलेल्या गव्हात दर किलोला सुमारे १४.५ मिलिग्रॅम सेलेनियम असल्याचे व बाधितांत जस्ताचे प्रमाण कमी असल्याचे त्यांनी जाहीर केले.

या आकड्याचा अर्थ लावण्यासाठी साधा गुणाकार पुरतो. प्रौढ माणसाला दिवसाकाठी सुमारे ५५ मायक्रोग्रॅम सेलेनियम लागते आणि ४०० मायक्रोग्रॅमच्या वर ते सातत्याने जाऊ नये, असे मानण्यात येते. अशा गव्हाच्या ३०० ग्रॅम पिठाच्या पोळ्या खाल्ल्या, तर शरीरात सुमारे ४,३५० मायक्रोग्रॅम जातील. मर्यादेच्या दहापटीहून अधिक. केस आणि नखे जाणे हे अशा अतिरेकाचे जुने, परिचित लक्षण आहे. चीनमधील एन्शी भागात १९६० च्या दशकाच्या प्रारंभी हेच घडले होते.

सेलेनियम गव्हात येते ते मातीतून. पिकाला त्याची स्वतःची अशी गरज नसते. पण रासायनिक दृष्ट्या ते गंधकाचे भावंड आहे आणि मुळे गंधक ज्या दाराने आत घेतात, त्याच दाराने ते शिरते. पंजाबातील नवांशहर व होशियारपूर भागातील काही जमिनीत शिवालिक टेकड्यांकडून वाहून आलेल्या गाळामुळे सेलेनियम जास्त असल्याचे लुधियानाच्या कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी यापूर्वीच नोंदविले आहे. त्यांच्याच अभ्यासात असेही दिसले की, अशा जमिनीत जिप्सम टाकले असता पिकातील सेलेनियम घटते, कारण गंधकाची गर्दी झाल्यावर सेलेनियमला दारातून वाट मिळत नाही. एका खताने दाण्यातील दुसरे द्रव्य कमी-जास्त करता येते, याचे हे ठळक उदाहरण होय.

याची दुसरी बाजूही जगाने पाहिली आहे. चीनच्याच केशान परगण्यात, जेथे मातीत सेलेनियम अत्यल्प, तेथे १९३५ च्या सुमारास हृदयविकाराची साथ नोंदली गेली आणि पुढे ती या द्रव्याच्या उणिवेशी जोडली गेली. फिनलंडची माती अशीच उणी असल्याने त्या देशाने १९८४ मध्ये रासायनिक खतांतच सेलेनियम मिसळण्याचा निर्णय घेतला आणि लोकांच्या आहारातील त्याचे प्रमाण वाढविले. तुर्कस्तानात अनातोलियाच्या पठारावर, जेथे माती बुलढाण्याप्रमाणेच चुनखडीयुक्त आणि विम्ल, तेथे १९९० च्या दशकात गव्हाला जस्त दिल्यावर उत्पादन वाढले आणि दाण्यातील जस्तही वाढले.

बुलढाण्याच्या दृष्टीने हे शेवटचे उदाहरण सर्वांत जवळचे आहे. जस्ताची उणीव असलेल्या जमिनीत पिकलेली ज्वारी, गहू किंवा हरभरा खाणाऱ्या मुलाला जस्त कमी मिळते. जस्त कमी पडले की मुलांची उंची खुंटते, जखमा लवकर भरत नाहीत, हगवण लांबते. अंगणवाडीतील वजनकाट्यावर दिसणारी घट आणि शेतातील जस्ताची घट या दोन नोंदी दोन वेगळ्या खात्यांच्या वह्यांत असतात, म्हणून त्यांचा संबंध कोणाच्या नजरेस येत नाही. माती तपासणीत जस्त कमी आढळल्यास हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट दोन-तीन वर्षांतून एकदा देणे पुरेसे होते. ते स्फुरदयुक्त खतात मिसळून मात्र देऊ नये. दोघांचे एकमेकांशी पटत नाही. शेणखतात मिसळून दिल्यास अधिक चांगले.

गावाचा निर्देशांक

१९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे मृद आरोग्य पत्रिका योजनेचा प्रारंभ झाला. पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन अशा बारा बाबी असतात. योजनेच्या रचनेत बागायतीत अडीच हेक्टरांना व कोरडवाहूत दहा हेक्टरांना एक नमुना धरण्यात आला. म्हणजे कोरडवाहू बुलढाण्यात पुष्कळांच्या हाती आलेली पत्रिका शेजाऱ्याच्या शेतातील मातीची असण्याचा संभव होता. घाटाच्या उतारावर दहा हेक्टरांत मातीच्या तीन जाती सापडतात, हे पाहता ज्याला नेमका सल्ला हवा त्याने आपला नमुना आपणच दिलेला बरा.

परंतु अनेक पत्रिका एकत्र केल्या तर त्यांतून गावाचे चित्र तयार होते आणि ते काम पंचायतीला आणि शाळेला सहज करता येण्यासारखे आहे. एखाद्या द्रव्यासाठी कमी, मध्यम आणि भरपूर अशा नमुन्यांची संख्या मोजावी. कमीच्या संख्येला १ ने, मध्यमच्या २ ने आणि भरपूरच्या ३ ने गुणून बेरीज करावी व एकूण नमुन्यांनी भागावे. उत्तर १.६७ पेक्षा कमी आले तर गावाची जमीन त्या द्रव्यात कमी, २.३३ पर्यंत मध्यम आणि त्यापुढे भरपूर समजावी. समजा, एका गावी ५० नमुन्यांत नत्र ३६ मध्ये कमी, ११ मध्ये मध्यम व ३ मध्ये भरपूर निघाला. ३६, २२ आणि ९ यांची बेरीज ६७. तिला ५० ने भागले असता १.३४. नत्राबाबत गाव ‘कमी’ या वर्गात आले. सातवीच्या विद्यार्थ्यालाही ही रीत जमते. प्रत्येक द्रव्याचा असा आकडा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहिला, तर खरिपापूर्वीच्या ग्रामसभेत कोणते खत मागवावे याची चर्चा अंदाजावर न होता त्या आकड्यांवर होऊ शकेल आणि गावच्या दुकानदारालाही गंधक व जस्त ठेवावेसे वाटेल.

नमुना घेण्यास रब्बीचे पीक निघाल्यापासून मेअखेरपर्यंतचा काळ उत्तम. शेणखत पसरण्यापूर्वी तो घ्यावा. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा वीतभर खड्डा करावा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने खरवडून घ्यावी. झाडाखालची, धुऱ्याची, विहिरीजवळची, गुरे बसतात त्या किंवा उकिरड्याच्या जागेची माती घेऊ नये. सर्व माती फारीवर एकत्र करून, चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाकावेत आणि अर्धा किलो उरेपर्यंत असे करीत जावे. सावलीत वाळवून ती स्वच्छ कापडी पिशवीत भरावी. खताची रिकामी पिशवी वापरू नये, कारण तिच्यातील चिमूटभर अवशेषाने सगळा अहवाल खोटा ठरतो. चिठ्ठीवर गट क्रमांक, गाव, मागील पीक आणि पुढे घ्यावयाचे पीक लिहावे. खारपाण पट्ट्यातील शेतकऱ्याने त्याच खेपेस विहिरीच्या पाण्याचीही एक बाटली भरून न्यावी.